चलान आलं? आधी आपल्या वाटेने तपासा

जयपूरच्या जगतपुऱ्यात महाराष्ट्राच्या नंबरची गाडी चालवणारी मराठी माणसं भेटतात. कोणी बदलीवर आलेलं असतं, कोणी मुलांच्या कॉलेजपायी. परराज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स अशी बरीच कामं मागे लागतात. ती होईपर्यंत चौकात पोलीस दिसला तरी जीव धास्तावतो. भामटे नेमकी हीच धास्ती हेरतात.

माझ्या मेव्हण्याच्या व्हॉट्सॲपवर एका दुपारी असंच चलान आलं. डीपीला सरकारी वाटणारं चिन्ह, खाली हिंदी मजकूर आणि गाडीचा नंबर अगदी बरोबर. सोबतच्या फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा होता. सकाळीच महल रोडच्या सिग्नलला गाडी रेघेच्या थोडी पुढे गेली होती, त्यामुळे त्याला ते खरंच वाटलं. फाइल उघडल्यावर ॲप बसलं. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग दंडासाठी कार्डाची माहिती. त्यानंतर बँकेचे ओटीपी परस्पर चोरांच्या हाती पडत राहिले आणि खात्यातून पैसे गेले.

हे त्याने आम्हाला रात्री जेवताना सांगितलं. घरचे काय म्हणतील, या संकोचात दुपारची वेळ गेली होती. आम्ही त्याचा फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि माझ्या फोनवरून १९३० लावला, मग बँकेला कळवून कार्ड आणि खात्याचे व्यवहार बंद करून घेतले. १९३० ही सायबर फसवणुकीची देशभरची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली, की पैसे ज्या खात्यांत गेले त्या बँकांकडे सूचना जाते आणि तिथे उरलेली रक्कम रोखता येते. आमची थोडी रक्कम अशी अडली. उरलेली त्याआधीच काढून घेतली गेली होती.

या प्रकारातून एकच नियम मनावर ठसला: समोरच्याने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही, स्वतःच्या वाटेने जाऊन खात्री करायची.

चलानाचा मेसेज आला तर त्यातली लिंक दाबू नका. ब्राउझरमध्ये ई-चलानचा सरकारी पत्ता स्वतः टाइप करा आणि गाडीचा नंबर घालून पाहा. पत्त्यात ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच हवा. नावात ‘परिवहन’ असणं पुरेसं नाही. मेसेजमध्ये नंबर बरोबर आहे, म्हणून चलान खरं ठरत नाही, कारण नंबरप्लेट रस्त्यावर कोणीही वाचतो. आणि चलान पाहायला एपीके कधीच लागत नाही.

एपीके बसलंच असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँकेला कळवा. कॉल दुसरीकडे वळवले गेले असतील, तर ##००२# डायल करून ते रद्द करा. फोन पूर्ण रिसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचं ॲप उघडू नका. रिसेट करण्याआधी मेसेजचे आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला लागतात.

जुनी गाडी घेतानाही हाच नियम. विकणाऱ्याने पाठवलेल्या आरसीच्या फोटोवर विसंबू नका. सरकारी एमपरिवहन ॲपवर नंबर घालून माहिती ताडून पाहा आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. ‘फौजी आहे, बदली झाली, स्वस्तात देतो, आधी डिलिव्हरीचे पैसे टाका’ असं म्हणणाऱ्याला गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नका. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो टाकला की आपलेच पैसे जातात.

गाडी विकणाऱ्यालाही धोका आहे. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली, एवढ्याने सुटका होत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्वाळा दिला, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. नव्या मालकाचं नाव लागल्याचं स्वतः पाहा, विक्रीची पावती तारीख आणि वेळेसह जपून ठेवा. एजंटाने ‘काम झालं’ म्हटलं तरी पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा.

घरात कोणी फसलं, तर रागावण्याआधी फोन उचला आणि १९३० लावा. बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प राहतो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात. आपल्या माणसांना आजच सांगून ठेवा: काही झालं तर लगेच सांग, आम्ही रागावणार नाही.