चालण्याचे पैसे

चालण्याचे पैसे कोणी देते का? देते. कसे, ते पाहू.

कॅनडा देशात टेरी फॉक्स नावाचा तरुण होता. कॅन्सरमुळे 1977 साली त्याचा एक पाय कापावा लागला. 1980 साली तो कृत्रिम पाय लावून 143 दिवस धावला. 5,373 किलोमीटर झाले. मग दुखणे उलटले. 1981 साली तो वारला. पण तोवर लोकांनी कॅन्सरवरच्या संशोधनासाठी दोन कोटींहून जास्त डॉलर दिले होते.

आपल्या मुंबईत 2004 साली मॅरेथॉन सुरू झाली. तिच्यातही अनेक जण सेवाभावी संस्थांसाठी पैसे जमवतात.

रीत सोपी आहे. समजा, नंदाखालच्या एका बाईंनी ठरवले, "मी 5 किलोमीटर चालेन." 20 शेजाऱ्यांनी दर किलोमीटरला 10 रुपये कबूल केले. एका शेजाऱ्याचे झाले 50 रुपये. सगळ्यांचे मिळून 1,000 रुपये.

हे पैसे कशाला? दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तर आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यावे लागते. हे वर्षानुवर्षे चालते. औषधे, गाडीभाडे, बुडालेली मजुरी! एकट्या घराला हा भार पेलत नाही. आणि हात पसरायला माणसाला लाज वाटते. म्हणून त्याच्यासाठी आपण चालायचे.

मात्र हिशेब चोख हवा. वहीत नाव लिहा. आकडा लिहा. पावती द्या. जमा किती, दिले किती, ते गावासमोर वाचून दाखवा.

आता तुम्हाला लिहिता येते. ही वही तुम्हीच ठेवा.