रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना : मूकपटाची राणी बोलायला शिकते तेव्हा



सुलोचना म्हटलं की आपल्याला सुलोचना लाटकर किंवा लावणीगायिका सुलोचना चव्हाण आठवतात. आजचा पाठ त्यांच्याही आधीच्या सुलोचनेचा आहे. तिचं खरं नाव रुबी मायर्स. जन्म 1907, पुणे. बगदादी ज्यू कुटुंबातली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत होती. दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी तिला सिनेमात काम करण्याविषयी विचारलं, तेव्हा तिने आधी चक्क नकार दिला. त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात काम करणं कमीपणाचं मानलं जाई. पुढे ती तयार झाली आणि 'सुलोचना' या नावाने पडद्यावर आली.

'टायपिस्ट गर्ल' (1926) गाजला. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (1927) मध्ये तिने एकटीने आठ भूमिका केल्या. 'अनारकली' (1928) मध्ये नायिका तीच. मूकपटात संवाद पाट्यांवर लिहून दाखवत, त्यामुळे नटीला कोणती भाषा येते हा प्रश्नच नव्हता. डोळे, चेहरा, हातवारे बोलले की झालं!

14 मार्च 1931 रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. तो काढला इंपीरियल कंपनीने, म्हणजे सुलोचना जिथली मोठी तारका होती त्याच कंपनीने. पण नायिका झाली जुबेदा. सुलोचनेला हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हतं. अभिनय तोच, चेहरा तोच, लोकप्रियताही तीच. अडलं फक्त भाषेपाशी.

मग तिने काय केलं? सुमारे वर्षभर काम बाजूला ठेवून ती भाषा शिकली. 1932 मध्ये तिच्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलपटातून ती परतली. 1935 मध्ये 'अनारकली'ही बोलपट म्हणून आला, नायिका पुन्हा सुलोचनाच. 1953 च्या 'अनारकली'त बीना रॉय नायिका होती आणि सुलोचना सलीमच्या आईच्या भूमिकेत. पुढे छोट्या भूमिकाही तिने केल्या. 1973 साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. 1983 मध्ये मुंबईत तिचं निधन झालं.

वर्गात काय घेता येईल?

1. मुलांच्या जोड्या करा. एक प्रसंग न बोलता दोन मिनिटांत करून दाखवायला सांगा. उदा. हरवलेली वही, बसची वाट पाहणं.
2. बाकीच्यांनी त्या प्रसंगासाठी तीनच पाट्या लिहायच्या. कमी शब्दांत नेमकं लिहिण्याचा छान सराव होतो.
3. तोच प्रसंग आता संवादांसह करा. काय सोपं झालं, काय अवघड झालं, यावर मुलांना बोलू द्या.

आता थोडं आपल्यासाठी. आपल्या वर्गात बंजारा, भिली, कन्नड किंवा हिंदी बोलणारं एखादं मूल मागच्या बाकावर गप्प बसलेलं असतं. 'याला काही येत नाही' असा शेरा आपण पटकन मारतो. पण खेळात, चित्रात, नकलेत ते मूल कसं आहे, हे पाहिलंय का? त्याला येत नाही ती भाषा. बाकी सगळं येत असेल. देशातल्या सर्वांत लोकप्रिय नटींपैकी एकीलाही नवी भाषा शिकायला वर्ष लागलं. सहा वर्षांच्या मुलाला आपण तेवढा वेळ द्यायला हवा की नको? पालकांनी घरी आपली बोली बंद करायची गरज नाही. शाळेची भाषा हळूहळू येते, फक्त बोलताना चुकलं तर कुणी हसू नये.

हा उपक्रम करून पाहा. गप्प बसणारं मूल पहिल्या फेरीत काय करतं, तिकडे नीट लक्ष ठेवा.