गोल होता की नव्हता?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजमध्ये मुलींची इंटर-ब्रँच फुटबॉल टूर्नामेंट झाली. पाच-पाच जणींची टीम, छोटे गोलपोस्ट, पंधरा मिनिटांचे दोन हाफ. आमची इन्स्ट्रुमेंटेशनची टीम पहिल्याच फेरीत गारद झाल्यामुळे सेमीफायनलची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. कॉम्प्युटर विरुद्ध सिव्हिल. सिव्हिल १-० ने पुढे, आणि शेवटचं मिनिट चालू. माझ्या रूममेटने (ती कॉम्प्युटरची) लांबून एक सणसणीत शॉट मारला. बॉल वरच्या दांड्याला लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. मी त्या वेळी जवळजवळ मधल्या रेषेवर होते. मी ‘खेळा’ असा हात केला. थोड्या वेळाने शिट्टी वाजवली. कॉम्प्युटर हरली.

रात्री मेसमध्ये मोबाईलवर त्या शॉटचा व्हिडिओ फिरत होता. कोणीतरी गोलच्या मागे, एका कोपऱ्यातून काढलेला. कॉम्प्युटरवाल्यांना बॉल आत दिसत होता, सिव्हिलवाल्यांना बाहेर. व्हिडिओ मात्र एकच! माझी रूममेट माझ्याशी चार दिवस बोलली नाही. दोन कॉटमध्ये तीन फुटांचं अंतर आणि चार दिवस शांतता. ज्यांनी हॉस्टेलमध्ये दिवस काढलेत त्यांना याचा अर्थ कळेल.

त्या चार दिवसांत मी अभ्यास सोडून एकच गोष्ट वाचत बसले. मोठ्या फुटबॉलमध्ये हे लोक काय करतात? तिथे तर व्हिडिओ रेफ्री आहे, कॅमेरे आहेत, सेन्सर आहेत. मग तरी दर आठवड्याला भांडणं का होतात? जे समजलं ते इथे मांडते. शाळेत मराठी माझी तिसरी भाषा होती, तेव्हा चुका पोटात घाला.

आधी थोडा इतिहास

१९६६ च्या वर्ल्ड कप फायनलला इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी एक्स्ट्रा टाइममध्ये २-२ वर होते. जेफ हर्स्टचा शॉट दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. (वाचताना माझ्या पोटात गोळाच आला!) स्विस रेफ्री डिन्स्ट यांना खात्री नव्हती. त्यांनी लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांना विचारलं आणि गोल दिला. इंग्लंड ४-२ ने जिंकलं. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ऑक्सफर्डच्या रीड आणि झिसरमन या दोघांनी दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेलं चित्रण वापरून बॉलची जागा भूमितीने काढली. त्यांचा निष्कर्ष असा, की बॉल पूर्ण आत गेला नव्हता.

१९८६ मध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये थिएरी ऑन्रीने हाताने बॉल थांबवला, त्यातून झालेल्या गोलमुळे आयर्लंडची वर्ल्ड कपची वाट बंद झाली. पण खरी कमाल झाली २७ जून २०१० ला, एकाच दिवशी दोनदा! दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये लॅम्पार्डचा शॉट दांड्याला लागून रेषेच्या चांगला आत पडला, तरी जर्मनीविरुद्ध इंग्लंडला गोल मिळाला नाही. त्याच संध्याकाळी अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध स्पष्ट ऑफसाइड असताना गोल केला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले दिसला, तरी निर्णय बदलला नाही. व्हिडिओ बघून निर्णय बदलायची नियमात सोयच नव्हती. स्टेडियममधल्या सगळ्यांना खरं काय ते दिसलं, आणि ज्याच्या हातात शिट्टी, त्यालाच ते वापरता येत नव्हतं.

नियम बनवणाऱ्या इफाब या बोर्डाने जुलै २०१२ मध्ये गोललाइन टेक्नॉलॉजीला परवानगी दिली. मार्च २०१८ मध्ये व्हिडिओ असिस्टंट रेफ्री, म्हणजे व्हीएआर, नियमांत आला आणि त्याच वर्षी रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये वापरला गेला. वर्ल्ड कपच्या वेळी व्हीएआरला चारच बाबतींत बोलायची मुभा होती: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं गेलं असेल तर. तेही रेफ्रीची चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तेव्हाच, किंवा एखादी गंभीर घटना नजरेतून सुटली असेल तर.

आरसा कशाला असतो?

आता आमच्या त्या मोबाईल व्हिडिओकडे येऊ. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये अ‍ॅमीटरच्या काट्याखाली एक आरशाची पट्टी असते, आठवतं? काटा आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आले की मगच रीडिंग घ्यायचं. तिरकं बघितलं तर आकडा बदलतो. यालाच पॅरलॅक्स म्हणतात.

गोलचंही तसंच आहे. नियम म्हणतो की बॉल पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे. हवेतला बॉल रेषेच्या आत की बाहेर, हे एका कॅमेऱ्यातून ठरवायचं तर तो कॅमेरा बरोबर रेषेच्या पातळीत हवा. कोपऱ्यातून घेतलेल्या व्हिडिओत हवेतला बॉल आपल्या खऱ्या जागेपासून सरकलेला दिसतो. म्हणून मेसमधली दोन्ही पार्ट्यांची भांडणं एका अर्थी फुकट होती.

दुसरी अडचण सॅम्पलिंगची. मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं धरू. बॉलचा वेग सेकंदाला १५ मीटर असेल तर दोन चित्रांमध्ये तो अर्धा मीटर जातो. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये बॉल आत जाऊन बाहेरही येऊ शकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही! म्हणूनच गोललाइनच्या सिस्टिममध्ये प्रत्येक गोलवर सात हाय-स्पीड कॅमेरे असतात, आणि एका सेकंदाच्या आत रेफ्रीच्या मनगटावरच्या घड्याळात सिग्नल जातो.

या सिस्टिमवर फारसं कोणी भांडत नाही. पण तीही देवाची नाही बरं! १७ जून २०२० ला शेफिल्ड युनायटेडविरुद्ध अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलकीपर न्यूलांड बॉल हातात धरून रेषेपलीकडे गेला, आणि रेफ्रीचं घड्याळ गप्प. गोलकीपर, डिफेंडर आणि पोस्ट यांच्यामुळे सातही कॅमेऱ्यांना बॉल नीट दिसलाच नाही. व्हीएआरला हस्तक्षेप करता आला असता, पण सिग्नल आला नाही म्हणून त्यानेही केला नाही. सामना ०-० सुटला. सीझन संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांवर वाचली आणि ३४ गुणांवर बोर्नमथ खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. एका गुणाचा फरक!

ऑफसाइड आणि लीस्ट काउंट

ऑफसाइडमध्ये दोन गोष्टी एकाच क्षणी मोजायच्या असतात: पास कधी सुटला, आणि त्या क्षणी कोण कुठे होतं. युरोपातल्या टीव्हीचं चित्रण सेकंदाला ५० चित्रांचं धरू. जोरात पळणारा फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर जातो, म्हणजे दोन चित्रांमध्ये १६ सेंटिमीटर. डिफेंडर उलट्या दिशेने ४ मीटरच्या वेगाने येत असेल तर अजून ८. एकूण २४ सेंटिमीटर. म्हणजे पास नेमका कुठल्या चित्रात सुटला हे निवडताना एका चित्राची चूक झाली, तर निकाल २४ सेंटिमीटरने हलतो.

आणि २०१९-२० च्या प्रीमियर लीगमध्ये हेच लोक खांद्याच्या, काखेच्या रेषा काढून दोन-चार बोटांवर गोल रद्द करत होते! २८ डिसेंबर २०१९ ला नॉर्विचच्या पुक्कीचा टॉटनहॅमविरुद्धचा गोल असाच गेला. त्या एका वीकएंडला प्रीमियर लीगमध्ये असे पाच गोल रद्द झाले. मोजपट्टीची सगळ्यात लहान खूण एक सेंटिमीटरची असताना आम्ही जर्नलमध्ये ४.३७ सेंटिमीटर लिहिलं, तर आमचे सर लाल पेनाने वर्तुळ काढतात. इथे कोणी काढलं नाही. २०२१-२२ पासून प्रीमियर लीगने रेषा जाड केल्या आणि शंकेचा फायदा फॉरवर्डला दिला, तेव्हा कुठे लीस्ट काउंटची आठवण झाली म्हणायची.

क्रिकेटवाल्यांना हे आधी सुचलं. ‘अंपायर्स कॉल’ वरून आपण कितीही चिडलो तरी त्यामागचा विचार शुद्ध इंजिनियरिंगचा आहे. यंत्राच्या अंदाजात थोडी चूक असणारच. त्या पट्ट्यात निकाल पडला तर मैदानावरच्या माणसाचा निर्णय कायम.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये अडचणीच्या मुळालाच हात घातला. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, आणि बॉलच्या आत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर. पास सुटल्याचा क्षण आता दोन मिलिसेकंदांपर्यंत कळतो. वरच्याच फॉरवर्डसाठी हिशेब केला तर १६ सेंटिमीटरचे दीड-एक सेंटिमीटर झाले. पहिल्याच सामन्यात, कतार विरुद्ध इक्वेडोर, तिसऱ्या मिनिटाला व्हॅलेन्सियाचा गोल या सिस्टिमने ऑफसाइड ठरवला. प्रीमियर लीगमध्ये ती एप्रिल २०२५ मध्ये आली.

जे मोजता येत नाही

इथपर्यंत मला वाटत होतं, की पुरेसे सेन्सर लावले की भांडण संपलं. मग मी २०१८ ची फायनल पुन्हा बघितली. फ्रान्स आणि क्रोएशिया १-१. बॉल पेरिसिचच्या हाताला लागला. लागला हे सगळ्यांना दिसतंय, कोणाचाच वाद नाही. रेफ्री पिताना मॉनिटरकडे गेले, बघितलं, मागे फिरले, पुन्हा जाऊन बघितलं, आणि पेनल्टी दिली. ग्रीझमनने गोल केला. फ्रान्स ४-२ ने जिंकलं.

ते दुसऱ्यांदा काय बघायला गेले असतील? बॉल कुठे लागला हे तर कळलंच होतं. प्रश्न होता, की हा हात गुन्हेगार आहे का? याला कुठलं युनिट लावणार? सेकंदाला ५० चित्रं घ्या नाहीतर ५०००, उत्तर तेवढंच अवघड राहतं. उलट स्लो मोशनमुळे गोंधळ वाढतो. हात सावकाश येताना दिसला की वाटतं, याच्याकडे विचार करायला वेळ होता! म्हणून नियमातच सांगितलंय: स्लो मोशन वापरायचं ते फक्त ‘काय घडलं’ यासाठी, म्हणजे स्पर्श कुठे झाला, जागा कुठली. टॅकल किती जोरात होतं, किंवा हात मुद्दाम नेला का, हे नेहमीच्या वेगाने बघायचं.

मला वाटतं सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. प्रश्न दोन जातीचे आहेत. एक मोजायचा, दुसरा ठरवायचा. व्हीएआरचा मॉनिटर दोन्हींसाठी एकच आहे. त्यामुळे ठरवायच्या प्रश्नाचंही उत्तर यंत्र देईल अशी लोकांना आशा लागते, आणि मोजायच्या उत्तरात चूक असू शकते हे ते विसरतात.

आणि जे सांगितलं जात नाही

३० सप्टेंबर २०२३. टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, ०-०. लुईस डियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीत बघितलं तर डियाझ ऑनसाइड होता. मोजमाप बरोबर! पण त्या खोलीतल्या रेफ्रीला वाटलं की मैदानावर गोलच दिलाय. तो म्हणाला, ‘चेक कम्प्लीट.’ मैदानावरच्याने अर्थ घेतला, ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत घोळ लक्षात आला, पण खेळ एकदा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही. लिव्हरपूल १-२ ने हरलं.

कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच समजेल. डेटा बरोबर होता, हँडशेक चुकला. नुसतं ‘ओके’ म्हणून भागत नाही, कशाला ओके ते परत म्हणून दाखवावं लागतं. २०२३ च्या महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये रेफ्री व्हीएआरचा निर्णय आणि त्याचं कारण माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगत होत्या. मला आत्तापर्यंतच्या सगळ्या सुधारणांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी वाटते.

कारण माझी चूकही तिथेच झाली. माझा निर्णय चुकला का, मला आजही माहीत नाही. बॉल पूर्ण आत गेल्याची खात्री नसेल तर रेफ्रीला गोल देता येत नाही, आणि मला खात्री नव्हती. पण हे मी कोणाला सांगितलंच नाही. मी असा काही ठासून हात केला, जणू मी गोलरेषेवर झोपून बघत होते! दोन शब्द बोलायला हवे होते: ‘मला इथून दिसलं नाही, म्हणून देत नाही.’ त्याने स्कोअर बदलला नसता. चार दिवस कदाचित वाचले असते.

तात्पर्य काय, तर पुढच्या वर्षी गोलरेषेच्या बरोबर पातळीत एक ट्रायपॉड लावावा असं स्पोर्ट्स कमिटीला मी सुचवलंय. मोजायचं ते मोजू. जे ठरवायचं ते रेफ्री ठरवेल. आणि आपल्याला कितपत खात्री आहे, हे ती मोठ्याने सांगेल.

हा लेख छापायला देण्याआधी रूममेटला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला, पॅरलॅक्सची आकृती काढायला लावली, २४ सेंटिमीटरचा हिशेब स्वतः करून बघितला. मग कागद परत देत म्हणाली, “सगळं पटलं गं. पण गोल होता!”