सुबाभळीच्या शेंगा वाळायच्या आत

पोरी, कुंपणालगतच्या सुबाभळी काढायच्या म्हणतेस, तर पहिलं ऐक. वरून छाटत बसू नकोस. छाटलीस की ती बुंध्यातून जोमाने फुटते. काम मुळाशी आहे.

वेळ साधायची ती वाफशाची. पाऊस उघडून एक-दोन दिवस झाले, मुठीत माती दाबली की ढेकूळ होतं पण हात चिखलाने बरबटत नाही, तेव्हा खुरपं घेऊन बस. वीतभर रोप अगदी जमिनीलगत धर आणि सरळ वर ओढ. हिसका दिलास तर सोटमूळ मध्येच तुटतं, अन् राहिलेल्या बुडख्याला पुन्हा पालवी. गुडघ्याएवढं झालेलं नुसत्या हाताने येत नाही. बाजूने पहार घालून माती सैल कर, मग ओढ. मूळ हातात घेऊन बघ. निमुळतं होत शेवटी दोऱ्यासारखं झालं असेल तर ठीक. जाड असताना तुटलेलं दिसलं तर खाली उकर.

मोठ्या झाडाला मात्र परस्पर कुऱ्हाड लावायची नाही. आवार आपलं असलं तरी शहरात १९७५चा झाडतोडीचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घे. तोडल्यावर बुंध्याला येणारे फुटवे कोवळे असतानाच खुडत राहायचे. पानं मिळाली नाहीत की मुळातली पुंजी संपते. कंटाळू नकोस, महिनोन्महिने लागतात.

खरं दुखणं शेंगांचं. त्या वाळून तडकल्या की बी सांडतं, आणि ते टणक कवचाचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून शेंगा हिरव्या असतानाच काढ. खतात टाकू नकोस, जाळून टाक.

पाला शेजारच्या शेळ्यांना दे. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी चाऱ्या-सरपणासाठी या झाडाचा प्रसार केला, तो उगीच नव्हे. फक्त इतर चाऱ्यात मिसळून घालायला सांग. त्यातल्या मिमोसिनने जनावरांचे केस गळतात.

आणि गच्चीच्या पन्हळीखाली पिंपळ आलाय, तो दोन-चार पानांवर असतानाच भिंत ओली असेल तेव्हा काढ, भेग लगेच सिमेंटने बुजव. सुबाभळी काढून मोकळ्या झालेल्या जागेत पालापाचोळ्याचा चांगला जाड थर दे, मे-जूनमध्ये हळद लाव. सावली पडली की सुबाभळीची नवी रोपं तिथे जोर धरत नाहीत.