तेव्हाचा हिशेब तेव्हाच्याच पैशांत

"ताई, नोकरी सोडली तीच माझी घोडचूक झाली," असं परवा म्हणालीस आणि पुढे बोललीच नाहीस. जुन्या ऑफिसातली मैत्रीण व्हाइस प्रेसिडेंट झाल्याचा फोटो ग्रुपवर आला होता ना? रात्रभर तळमळली असशील, मला माहीत आहे. आता जरा टेक, चहा घे आणि नीट ऐक.

बघ, तू नोकरी सोडलीस 2011 मध्ये. तेव्हा खासगी नोकरीत बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने 12 आठवड्यांची होती. ती 26 आठवड्यांची झाली कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, हा नियमही त्याच दुरुस्तीतला. तू राहायला डोंबिवलीत, ऑफिस अंधेरीला. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावायला लागली जून 2014 मध्ये. त्याआधी दादरला उतरायचं, पुलावरच्या त्या रेटारेटीतून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायचं आणि पुन्हा लोकल पकडायची. दुपारी दूध दाटून ब्लाउज भिजायचा, आणि ते काढायला जागा कुठली, तर बाथरूम! सासूबाईंचे गुडघे धरलेले, दिवसभर तान्ह्या बाळाला त्या कशा उचलणार होत्या? घरून काम करते म्हणाली असतीस तर साहेबांनी मनावरही घेतलं नसतं. ते सगळ्यांना जमायला 2020चा लॉकडाउन यावा लागला.

खरं सांगू का, आज तू 2011चा हिशेब मांडतेस आणि मेट्रो, 26 आठवडे, घरून काम, सगळं जमेच्या बाजूला धरतेस. तेव्हा यातलं काहीच तुझ्या हाताशी नव्हतं. जे होतं त्यात तू बाळाला निवडलंस, पूर्ण विचार करून. याला मी तरी चूक म्हणू देणार नाही.

आणि ही चुटपुट काही तुला एकटीलाच नाही गं. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1994 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ताज्या घटनांत माणसाला केलेलं जास्त सलतं, पण वर्षं उलटली की न केलेलं जास्त सलायला लागतं. मला हे अगदी पटतं. जे केलं त्याचा त्रास आपण भोगलेला असतो. न केलेल्या नोकरीत मात्र लोकल रोज वेळेवर येते, लेकीला कधी ताप येत नाही आणि बढती न मागता मिळते.

हां, एक रुखरुख मात्र ठेव, ती कामाची आहे. लेक शाळेत जायला लागली तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" म्हणालीस आणि ते राहूनच गेलं. घरात कुणी विचारलं नाही, तूही तोंड उघडलं नाहीस. "मला पुन्हा काम करायचंय" एवढं वाक्य नवऱ्याला आजही सांगता येतं की! आजच सांग, आणि भाजीत मीठ किती इतक्या सहज सांग, परवानगी मागितल्यासारखं नको.

मग कपाटातली जुनी फाइल काढ. पगाराच्या चिठ्ठीवर 'एमएच'ने सुरू होणारा पीएफचा नंबर असेल. सगळ्यांना पीएफचा यूएएन नंबर मिळायला लागला 2014पासून, म्हणजे तुझ्याकडे तो नसणार. ते खातं तसंच पडलं असेल तर आधी त्याच्या मागे लाग. ते तुझ्या कष्टाचे पैसे आहेत, सोडायचे नाहीत.

तू अकाउंट्समधली. तुझ्या वेळी व्हॅट होता, जीएसटी आला 1 जुलै 2017ला. तेवढं शिकावं लागेल. घाबरू नकोस, जमाखर्च तोच आहे, रिटर्नची पद्धत बदललीय. टॅलीवर हात बसायला वेळ लागेल, लागू दे. पगार पूर्वीइतका लगेच मिळणार नाही आणि तुझ्याहून लहान पोर तुला काम समजावेल, हेही आत्ताच मनाशी धर. तुझ्या कॉलनीतल्या सीएंच्या ऑफिसात रिटर्नच्या दिवसांत माणसं कमी पडतात, हे तूच मला सांगितलं होतंस. सोमवारी तिथे जाऊन ये, आणि काय म्हणाले ते मला कळव.