झोपेची गोळी सोडताना

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम आणि डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातील औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे छातीतली धडधड थांबते आणि झोप लागते. गोळी काही आठवडे रोज पोटात गेली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. ती एकाएकी बंद केल्यास झोप उडते, हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, भांड्याचा आवाजही सहन होत नाही. क्वचित अपस्मारासारखा झटका येतो. हे व्यसनी माणसालाच होते हा समज चुकीचा आहे. चिठ्ठीत लिहिले तेवढेच औषध घेणाऱ्यालाही हा त्रास होतो.

जळगाव-धुळ्याकडे ‘जीव घाबरस’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ही गोळी अनेकदा पंधरा दिवसांसाठी मिळते. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पट्टी येत राहते आणि वर्षे निघून जातात. वास्तविक १ मार्च २०१४ पासून यांतील अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही औषधे औषधविक्री नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मालेगाव-धुळे पट्ट्यात नशेसाठी चोरून विकली जाणारी ‘कुत्ता गोळी’ म्हणजेही अल्प्राझोलामच. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या वाचून घरचे धास्तावतात आणि आईची गोळी त्याच रात्री बंद करतात. या प्रकरणातली सगळ्यांत घातक चूक हीच. गावी लग्नाला जाताना पट्टी घरी विसरली, तरी परिणाम तोच होतो.

त्रास कधी सुरू होईल हे औषधावर ठरते. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून एक-दोन दिवसांतच अस्वस्थता येते. डायझेपाम रेंगाळते, तिथे आठवडाही लागू शकतो. या अवस्थेत ‘जुना आजार उलटला’ असे म्हणून पुन्हा पूर्ण डोस, वर आणखी एक गोळी, असे चक्र सुरू होते. पण डोस घटवल्यावर लगेच आलेला, मुंग्या किंवा आवाजाची चीड अशी पूर्वी नसलेली लक्षणे असलेला आणि दिवसागणिक कमी-जास्त होत ओसरणारा त्रास बहुधा गोळी सुटण्याचा असतो. मूळ आजार हळूहळू, आपल्या जुन्याच रूपात परततो. हा फरक घरच्यांना आधी समजावून सांगणे फार मोलाचे ठरते.

ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात गोळी सोडणाऱ्यांसाठीच बाह्यरुग्ण विभाग चालवला. घाई करू नये आणि वेग रुग्णाने ठरवावा, हे त्यांच्या पद्धतीचे सार. २०२५ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेतही दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कपात सुचवली आहे. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असे बजावले आहे.

अडचण येते ती गोळीच्या आकाराची. ०.२५ मिलिग्रॅमची अल्प्राझोलाम मधल्या रेषेवर मोडली तर एका फटक्यात निम्मा डोस जातो. पाव करायला गेले की भुगा होतो. सावकाश विरघळणारी गोळी तर मोडायचीच नसते. म्हणून काही डॉक्टर रुग्णाला डायझेपामवर आणतात: तिच्या २ मिलिग्रॅमच्या गोळीचे अर्धे केले की १ मिलिग्रॅमची पायरी मिळते. किती अल्प्राझोलामला किती डायझेपाम, याची कोष्टके एकसारखी नाहीत, आणि वृद्धांमध्ये डायझेपाम साचून तोल जातो. हा हिशेब घरी मांडू नये.

कपातीचा त्रास असह्य झाला तर त्याच डोसवर आणखी काही आठवडे थांबावे. त्यात कमीपणा नाही. वहीत तारीख, डोस आणि झोपेचे तास लिहावेत. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, निरोग्यालाही झोप येत नाही. सुरुवात शक्यतो थंडीत करावी. दुपारनंतरचा चहा बंद करावा. गोळीच्या जागी दारू येऊ देऊ नये. ती त्याच गाबावर काम करते आणि दोन्ही एकत्र झाल्यास श्वास मंदावतो.

पूर्वी झटके आलेल्यांनी, गर्भवतींनी, रोज दारू पिणाऱ्यांनी आणि मोठ्या डोसवर असणाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञाशिवाय एक पायरीही उतरू नये. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचा सल्ला मिळू शकतो. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. झटका आला, भास होऊ लागले किंवा जीव द्यावासा वाटला, तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि चालू गोळीची पट्टी सोबत न्यावी.