समुद्रघोडा : खाडीच्या गवतात राहणारा मासा



मागच्या खरिपात पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने काडेपेटीत कापसावर ठेवलेला एक वाळलेला प्राणी मला आणून दाखविला. तोंड घोड्याचे, शेपटी सापासारखी गुंडाळलेली, अंग खडबडीत. त्याच्या वडिलांना तो रापणीच्या जाळ्यात सापडला होता. "सर, हा विकत घ्यायला एक माणूस गावात येतो. याची शेती करता येईल का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. माझा विषय भात आणि कडधान्ये. त्यामुळे उत्तर देण्यापूर्वी मत्स्यशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे जाऊन बसावे लागले. तेथे जे कळले ते किनारपट्टीच्या प्रत्येक शेतकऱ्याने जाणून घ्यावे असे आहे.

हा मासाच आहे

समुद्रघोडा दिसायला कसाही असला तरी तो मासा आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत आणि पाण्यात तोल सांभाळणारे वाताशयही आहे. मात्र अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी कातडीखाली हाडांच्या कड्या एकापुढे एक बसविलेल्या असतात, म्हणून वाळल्यावरही त्याचा आकार मोडत नाही. शास्त्रीय भाषेत या प्रजातीला हिप्पोकॅम्पस म्हणतात. जगात तिच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. काही जाती नखाएवढ्या असतात, तर काही ३० सें.मी.पेक्षा उंच होतात. आपल्या देशाच्या खाड्यांत व उथळ समुद्रात आढळणाऱ्या जातींपैकी हिप्पोकॅम्पस कुडा ही एक प्रमुख जात होय. ती बहुधा वितीपेक्षा लहानच असते.

इतर मासे आडवे पोहतात, हा उभा पोहतो. पाठीवरचा छोटा पर सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलवून तो पुढे सरकतो. एवढे करूनही वेग अगदीच कमी. जोराच्या प्रवाहात तो टिकत नाही. म्हणून गवताचे पाते, तिवराचे मूळ किंवा पाण्यात पडलेली काठी शेपटीने धरून तो एका जागी राहतो. ही शेपटी गोल नसून चौकोनी असते. चौकोनी असल्यामुळे तिची पकड घट्ट बसते आणि दाबली गेली तरी आतील कण्याला इजा कमी होते.

त्याला दात नाहीत, जठरही नाही. खाल्लेले अन्न फार वेळ पोटात राहत नाही, त्यामुळे दिवसभर थोडे थोडे खावे लागते. कोपेपॉडसारखे अतिसूक्ष्म कवचधारी जीव, जवळ्याची पिल्ले हे त्याचे अन्न. भक्ष्यामागे धावणे त्याला जमत नाही. तो पात्याला धरून, रंग बदलून दबा धरतो. डावा डोळा एकीकडे, उजवा दुसरीकडे फिरवीत पाहणी चाललेली असते. भक्ष्य नळीसारख्या तोंडाजवळ आले की मान झटकून ते ओढून घेतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, सेकंदाच्या काही हजारांश भागात होते.

नर गाभण राहतो

विद्यार्थ्यांना हे खरे वाटत नाही, पण समुद्रघोड्यात पिल्ले नराच्या पोटी वाढतात. नराच्या पोटाखाली एक पिशवी असते. मादी आपली अंडी त्या पिशवीत सोडते व तेथेच त्यांचे फलन होते. गाय-म्हशीत वार जे काम करते, तसेच बरेचसे काम या पिशवीचे अस्तर करते. ते अंड्यांना प्राणवायू पुरविते आणि आतील क्षारांचे प्रमाण सांभाळते. दिवस भरत येतात तसे आतले पाणी बाहेरच्या समुद्रासारखे होत जाते, म्हणजे पिल्लांना बाहेर पडल्यावर धक्का बसत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत नर पोट आवळून पिल्ले बाहेर सोडतो. जातीनुसार ती पाच-दहापासून हजारापर्यंत असतात. पुढे बाप त्यांच्याकडे पाहत नाही. एक हजारात जेमतेम पाच मोठी होत असावीत.

अनेक जातींत एका विणीच्या हंगामात नर-मादीची जोडी कायम राहते. रोज सकाळी दोघे जवळ येऊन रंग बदलतात, शेपट्या गुंफतात आणि पुन्हा आपापल्या जागी जातात. जोडीतला एक जाळ्यात गेला तर दुसऱ्याला नवा जोडीदार मिळेपर्यंत वीण थांबते. ज्या जागेत माशांची संख्या आधीच विरळ, तेथे हा तोटा लवकर भरून निघत नाही.

पाण्याखालचे कुरण

आता माझ्या विषयाकडे येतो. समुद्रघोड्याचे एक आवडते घर म्हणजे समुद्रगवत. हे शेवाळ नव्हे. भाताप्रमाणेच ही एकदल, फुले येणारी वनस्पती आहे. तिला खरी मुळे आहेत, हरळीसारखी जमिनीत सरकणारी खोडे आहेत आणि तिचे परागण पाण्यातून होते. गोव्यात मांडवीच्या खाडीत हॅलोफिला या बारीक पानांच्या समुद्रगवताचे पट्टे आढळतात. तमिळनाडूकडे पाल्कच्या उपसागरात व मन्नारच्या आखातात तर अशी मोठमोठी कुरणे आहेत आणि समुद्रघोडेही तेथेच अधिक.

पिकाला जसे ऊन लागते तसे या गवतालाही लागते, फक्त ते पाण्यातून गाळून येते. वरकस जमिनीवरची माती पहिल्या पावसात वाहून खाडीत उतरली की पाणी गढूळ होते व पात्यांवर गाळ बसतो. दुसरा प्रकार कमी लक्षात येतो. भातात फेकून दिलेला युरिया वाहत्या पाण्याबरोबर नाल्यात व तेथून खाडीत जातो. तेथे नत्रावर बारीक शेवाळ फोफावते आणि गवताच्या पात्यांवर चढून सावली धरते. गवत विरळ झाले की ज्याला शेपटीने धरायचे तेच नाहीसे होते. दुसरा मासा अशा वेळी पोहून दूर जाईल, याला ते जमत नाही.

तेव्हा उतारावर समतल बांध घालावेत, बांधावर वाळा लावावा. चिखलणीनंतर गढूळ पाणी लगेच बाहेर सोडू नये. लावणीनंतर युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी ७ ते १० सें.मी. खोल खोचाव्यात. यात खताची बचत तुमची, खाडीचा फायदा हा वरचा. खरे सांगायचे तर खाडीसाठी म्हणून कोणी गोळ्या खोचणार नाही, पिशवीमागे वाचणाऱ्या पैशासाठी खोचेल. तरी हरकत नाही.

जाळे आणि व्यापार

समुद्रघोडा मुद्दाम फारसा पकडला जात नाही. कोलंबीसाठी तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात तो इतर माशांबरोबर येतो. वाळवून तो मुख्यतः चिनी पारंपरिक औषधांसाठी परदेशी जातो. या व्यापारामुळे व जागा नष्ट झाल्यामुळे जगभर त्याची संख्या घटली. भारताने २००१ मध्ये सर्व जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण दिले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रण २००२ मध्ये ठरले व मे २००४ पासून लागू झाले. आपल्याकडे त्याला पकडणे, वाळवून साठविणे, विकणे हा गुन्हा आहे. गावात येणारा खरेदीदार ही गोष्ट सांगत नाही. माल सापडला तर अडचणीत येतो तो मात्र घरात पिशवी ठेवणारा.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. समुद्रघोडापालन हा आपला जोडधंदा होऊ शकत नाही. कायद्याची आडकाठी आहेच. शिवाय पिल्लांना रोज जिवंत सूक्ष्म खाद्य लागते आणि ते तयार करणे, पाण्याची क्षारता सांभाळणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. खाडीकाठी मत्स्यपालन करायचेच असेल तर कोलंबी, खेकडा किंवा जिताडा यांची माहिती मत्स्य विभागाकडून घ्यावी.

रापणीत किंवा डोलीत जिवंत समुद्रघोडा आला तर हात ओले करून तो अलगद उचलावा. शेपटी दोऱ्याला गुंडाळलेली असल्यास ओढू नये, पाण्यात धरून ठेवावे म्हणजे तो स्वतः सोडतो. मग उथळ जागी, गवत किंवा तिवराची मुळे असतील तेथे, पाण्याच्या पातळीवरूनच सोडावा. वरून फेकू नये.